विश्लेषण : जर्मन सेडान अर्ध्या किमतीत मिळते, दुरुस्तीचे बिल मात्र पूर्ण किमतीचे!

मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना पेठ वडगावच्या तरुणाला हल्ली एक विचित्र पेच पडतो. नव्या इनोव्हा हायक्रॉसला जितके पैसे लागतात, तितक्यात पाच-सहा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीजची दमदार सेडान दिसते. थोडे अधिक कर्ज काढले, तर शंभरचा वेग साडेचार सेकंदांत गाठणारी गाडीही आवाक्यात येते. दारात पुणे-बंगळूरु महामार्ग आहे. हौस आहे, फौंड्री, पोल्ट्री किंवा ऊस वाहतुकीतून आलेला पैसाही थोडाफार आहे. मग अडचण कुठे आहे? ती किमतीत नाही. गाडीची किंमत दरवर्षी घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. साठ लाखांची गाडी तीस लाखांत घेतली, तरी तिचा रेडिएटर, हेडलाइट आणि टर्बो साठ लाखांच्या गाडीचेच राहतात.

या गाड्या आपल्याला परक्या आहेत का?

मुळीच नाही. जर्मन गाड्यांच्या भारतातील जुळणीचा मोठा भाग महाराष्ट्रातच घडला. मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, ई-क्लास जोडायला सुरुवात केली. कंपनीचा चाकणचा स्वतःचा कारखाना २००९ मध्ये उभा राहिला. ऑडीची भारतातील जुळणी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडाच्या कारखान्यात सुरू झाली. बीएमडब्ल्यू मात्र २००७ मध्ये चेन्नईला गेली.

पिंपरीत जोडलेल्या त्या पहिल्या ई-क्लासचा सांगाडा डब्ल्यू१२४ या नावाने ओळखला जातो. ती गाडी जर्मनीत १९८४ साली आली होती. जाड पत्रा, साधे इंजिन, मोजकी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ‘मर्सिडीज कधी बंद पडत नाही’ ही आपल्याकडची ख्याती बरीचशी त्या पिढीची कमाई आहे. आजची गाडी त्याच बोधचिन्हाची असली तरी वेगळ्या जातीची आहे, आणि जुन्या ख्यातीवर विसंबून नव्या पिढीची गाडी घेणारा इथेच पहिल्यांदा फसतो.

वेगवान सेडान पूर्वी थेट आयात व्हायच्या. २०२०-२१ मध्ये ते चित्र बदलले. मर्सिडीजने चाकणमध्ये एएमजी गाड्यांची जुळणी सुरू केली आणि मार्च २०२१ मध्ये एएमजी ए३५ ही ३०६ अश्वशक्तीची सेडान आणली. त्याच महिन्यात बीएमडब्ल्यूने चेन्नईत जोडलेली एम३४०आय बाजारात उतरवली. तीन लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती ६२.९० लाख रुपये. २०२१ च्या या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत.

किंमत इतकी का घसरते?

अशा गाड्यांचा पहिला मालक अनेकदा व्यक्ती नसून कंपनी असते. कंपनीला प्राप्तिकरात गाडीचा घसारा मिळतो. मूळ वॉरंटी संपत आली की तिला गाडी बदलणे सोयीचे वाटते. त्यामुळे तीन ते पाच वर्षांच्या गाड्या एकदम बाजारात येतात आणि वॉरंटीबाहेरची गाडी घ्यायला ग्राहक कचरतो. विम्याच्या हिशेबातही गाडीचे मूल्य पाच वर्षांत निम्म्यावर येते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरील उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. आधी कर आणि उपकर मिळून बोजा ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात होता. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीलाही भाव उतरवावा लागतो. थोडक्यात, गाडी खराब आहे म्हणूनच ती स्वस्त मिळते असे नाही. पण ती स्वस्त आहे म्हणून चांगली आहे, असेही नाही.

सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर वेग टिकतो का?

टिकतो, आणि या गाड्यांची ही बाजू खरोखर भक्कम आहे. एम३४०आयमधले बी५८ हे इंजिन २०१५ पासून वापरात आहे. त्याचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक क्लोज्ड डेक पद्धतीचा, म्हणजे सिलिंडरांभोवतीचा वरचा भाग भरीव ठेवलेला असतो. क्रँकशाफ्ट फोर्ज्ड स्टीलचा आहे. टोयोटासारख्या टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या सुप्रा या स्पोर्ट्‌स गाडीसाठी हेच इंजिन घेतले, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी. त्याला जोडलेला झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही जगभर अनेक कंपन्या वापरतात. नीट सांभाळलेली अशी गाडी लाखभर किलोमीटरनंतरही नव्यासारखी पळते.

‘नीट सांभाळलेली’ या शब्दांचा अर्थ मात्र काटेकोर घ्यावा लागतो. गिअरबॉक्सचेच उदाहरण पाहा. त्यातले तेल आयुष्यभर पुरते, असे अनेक गाडी कंपन्या सांगतात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हा प्रश्न दुसऱ्या मालकाने विचारायलाच हवा. तेलाची गाळणी प्लास्टिकच्या तळपात्रातच बसवलेली असते, त्यामुळे तेलाबरोबर ते पात्रही बदलावे लागते.

पेट्रोलचाही परिणाम होतो. अशा टर्बो इंजिनांना ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मानवते. ऑक्टेन कमी पडले तर नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचते, पण ताकद घटते. ३८७ अश्वशक्तीचे पैसे मोजून त्याहून कमी वापरणे, असा हा प्रकार. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीला ते कितपत चालते, हे पेट्रोलच्या झाकणाआतील स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आणि हा वेग वापरायचा कुठे? चौपदरी महामार्गावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. एम३४०आय ती साडेचार सेकंदांत गाठते. त्यापुढे ई-चलान सुरू होते.

मग बिघडते नेमके काय?

इंजिनाचा गाभा सहसा धड राहतो. जीर्ण होते ते त्याच्या भोवतालचे. टर्बोमुळे बॉनेटखाली प्रचंड उष्णता असते आणि त्याच जागेत कूलंटच्या प्लास्टिक नळ्या, टाकी, रबरी गॅस्केट आणि वायरिंग कोंबलेले असते. पाच-सात उन्हाळे काढले की प्लास्टिक ठिसूळ होते आणि रबर कडक पडते. ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट, व्हॉल्व्ह कव्हर, कूलंटची टाकी यांतून गळती सुरू होते. भाग लहान असतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला निम्मे इंजिन उघडावे लागते. मजुरीचा आकडा तिथे वाढतो. आणि गळतीकडे दुर्लक्ष करून तापलेली गाडी तशीच पुढे नेली, तर हजारांतले काम लाखांत जाते.

इंजिनानुसार दुखणीही ठरलेली आहेत, आणि जाहिरातीतल्या फोटोपेक्षा इंजिनाचा क्रमांक अधिक बोलका असतो. २००७ पासूनच्या ३२०डी आणि ५२०डी गाड्यांतले एन४७ डिझेल इंजिन टायमिंग चेनच्या झिजेसाठी कुप्रसिद्ध आहे, विशेषतः २०११ पर्यंतचे. ही चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते. चेन तुटली तर इंजिनच जाते. त्यानंतरच्या एन२० या दोन लिटर पेट्रोल इंजिनात चेनला आधार देणाऱ्या प्लास्टिक पट्ट्या झिजण्याची तक्रार होती आणि अमेरिकेत त्यावरून ग्राहक न्यायालयात गेले. ऑडीच्या साधारण २००८ ते २०१२ या काळातल्या दोन लिटर टीएफएसआय इंजिनात पिस्टन रिंगच्या रचनेमुळे तेल जळण्याचा दोष होता. मर्सिडीजच्या २००८ पूर्वीच्या एम२७२ व्ही-सहा इंजिनात बॅलन्स शाफ्टची दातेरी चकती वेळेआधी झिजायची. शक्तिमानांमध्ये सर्वात महागडे दुखणे बीएमडब्ल्यूच्या ई६० पिढीच्या एम५चे. तिचे दहा सिलिंडरचे ५०७ अश्वशक्तीचे इंजिन ऐकायला अप्रतिम. पण त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा हा झिजेचा माल समजून ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. अशी गाडी कोणी अगदी स्वस्तात देऊ केली, तर विकणाऱ्याने बेअरिंगच्या कामाचा अंदाज आधीच घेतलेला असतो, असे समजावे.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक गोष्ट होते. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तो धुतला जात नाही आणि त्यावर काजळी साचते. ती ठरावीक अंतराने साफ करावी लागते. डिझेल गाडीची कथा वेगळी आहे. तिच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, स्वतःला साफ करण्यासाठी सलग वेगातला प्रवास मागते. रोज वडगाव-हातकणंगले इतकेच फिरणाऱ्याची गाळणी तुंबते; महिन्यातून चार वेळा पुण्याला जाणाऱ्याची तुंबत नाही. म्हणजे गाडी कोणती घ्यावी हे ती कशी वापरली जाणार यावरही अवलंबून आहे.

उद्यमनगरात हे काम होणार नाही का?

कोल्हापूरकराच्या मनात हा प्रश्न येणारच. शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांनी आजवर किती ट्रॅक्टरांची आणि ट्रकांची इंजिने बोअर करून पुन्हा रस्त्यावर आणली, त्याची मोजदाद नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून तर देशभर ओतीव भाग जातात. पण बी५८च्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या आत लोखंडाचा अतिशय पातळ थर विद्युतज्योतीने फवारलेला असतो. बिडाच्या ब्लॉकप्रमाणे तो बोअर करून मोठा पिस्टन बसवण्याची नेहमीची रीत तिथे चालत नाही. (ऑडीचे वर उल्लेखलेले दोन लिटरचे इंजिन याला अपवाद, त्याचा ब्लॉक बिडाचाच आहे.) सस्पेन्शनचे बुश, ब्रेक, वातानुकूलन ही कामे चांगला स्थानिक मेकॅनिक करू शकतो. तरी नवी बॅटरी बसवल्यावरसुद्धा बीएमडब्ल्यूला संगणकातून तिची ‘ओळख’ करून द्यावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करते. पाना हातात असून भागत नाही, कंपनीच्या दर्जाचे निदान सॉफ्टवेअर लागते. ते कोणाकडे आहे, हे गाडी घेण्याआधी शोधावे.

गावाचा प्रश्न शहरापेक्षा वेगळा का?

मुंबई-पुण्यात अशा गाड्यांचे स्वतंत्र गॅरेजवाले दर उपनगरात सापडतात आणि सुटा भाग दोन दिवसांत मिळतो. वडगावहून पुणे दोनशे किलोमीटरहून दूर आहे. गाडी चालत असेल तर हे अंतर काहीच नाही. गाडी बंद पडली तर तेवढ्या अंतराचे फ्लॅटबेड टोइंग आणि भाग येईपर्यंतचा मुक्काम, हा खर्च कोणत्याच जाहिरातीत नसतो. घरात दुसरी गाडी नसेल, तर ही सेडान एकमेव वाहन म्हणून घेणे हा धोका आहे.

रस्त्याचेही तसेच. कागल ते सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाची कामे, वळण रस्ते आणि त्यांचे खड्डे वाहनचालकांच्या ओळखीचे आहेत. हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या, रात्री दिवे नसलेले ट्रॅक्टर, रंग न दिलेले गतिरोधक. बुटक्या कडेचा, रुंद टायर अशा खड्ड्यात आपटला की टायरला फुगा येतो, रिमला बाक येतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असतात आणि ते आणखी कडक व महाग असतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकणेही बरे नाही. चार टायरांची झीज फार वेगळी असली, तर ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, हे या भागात कोणी विसरलेले नाही. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर कुठे गेल्या? त्या पूरग्रस्त जिल्ह्यातच विकल्या जातात असे नाही, आणि मुंबई-चेन्नईच्या पुरातल्या गाड्या इकडे येणार नाहीत असेही नाही. जर्मन गाडीत बॅटरी अनेकदा डिकीत आणि काही नियंत्रण यंत्रणा आसनाखाली, गालिच्याखाली असते. पाणी ओसरले, गालिचा वाळवला, अत्तर मारले की गाडी चकचकीत दिसते. वायरींच्या जोडांवरचा गंज सहा महिन्यांनी बोलू लागतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिला तर चिखलाची रेघ सापडते. आसनाच्या रुळांवरचा गंजही लपवता येत नाही.

विमा असताना काळजी कशाला?

विमा अपघाताचा असतो, झिजेचा नव्हे. गळके गॅस्केट किंवा झिजलेली चेन विम्यात बसत नाही. अपघातातही घसाऱ्याचा नियम आडवा येतो. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के वजा होतात. या गाड्यांचा दर्शनी भाग म्हणजे बंपर, ग्रिल, हेडलाइटचे आवरण असे प्लास्टिकच. समजा या भागांचे बिल दोन लाख झाले, तर एक लाख मालकाच्या खिशातून, शिवाय १५०० सीसीवरील गाडीची सक्तीची २ हजारांची वजावट. घसारामुक्त, म्हणजे झिरो डेप, संरक्षण गाडी पाच वर्षांची झाली की अनेक कंपन्या देत नाहीत किंवा महाग करतात. पाणी शिरून इंजिन बंद पडल्यास लागणारे इंजिन संरक्षणही वेगळे घ्यावे लागते. गंमत म्हणजे तृतीय पक्ष विम्याचा हप्ता १५०० सीसीवरील सर्व खासगी मोटारींना २०२२ च्या दरांप्रमाणे सारखाच, ७,८९७ रुपये. तिथे ३८७ अश्वशक्तीला वेगळा दर नाही.

परराज्यातली गाडी स्वस्त का दिसते?

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना काहीसा दिलासा दिला. पण मधल्या काळात तिथल्या जुन्या डिझेल गाड्या मातीमोलाने इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी ‘एमएच ०९’ करायची तर मूळ आरटीओची एनओसी आणि बारा महिन्यांच्या आत पुनर्नोंदणी लागते. गाडीच्या वयानुसार कमी होणारा कर महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागतो. नव्या गाडीला इथे वैयक्तिक मालकासाठी वीस लाखांवरील पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के दर आहे. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, मात्र पाठपुरावा स्वतःच करावा लागतो. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेली ई-चलाने आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहे का, हे तपासूनच विसार द्यावा. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो, पण तो फक्त त्याच्या नफ्याच्या रकमेवर. पूर्ण किमतीवर जीएसटी मागणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवावे. नाव बदलण्यात ढिलाई विकणाऱ्यालाही महागात पडते. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच अपघातातील भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

गाडी पाहताना नेमके काय पाहावे?

इंजिन थंड असताना जावे. विकणाऱ्याने आधीच गाडी सुरू करून गरम ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. टायमिंग चेनची खरखर आणि एक्झॉस्टमधला निळा धूर पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतात. मग चेसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागवावी. तेल कधी बदलले, किती किलोमीटरवर बदलले, अपघाताचे काम झाले का, हे त्यात दिसते. बी५८ला एका वेळी सुमारे साडेसहा लिटर तेल लागते. ते वाचवण्यासाठी कोणी दोन वर्षे तेल बदललेच नसेल, तर पुढचे बोलणे नको. किलोमीटरचा आकडा एकाहून अधिक नियंत्रण यंत्रणांत नोंदलेला असतो. डॅशबोर्डवर ४५ हजार आणि आतल्या यंत्रणेत ९० हजार, अशी तफावत निदान सॉफ्टवेअर पकडते.

वेगवान गाडीत एक तपासणी अधिकची. संगणकातला प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याचा, म्हणजे ‘ट्यूनिंग’चा छंद या गाड्यांच्या मालकांत सर्रास आहे. विकण्याआधी मूळ प्रोग्राम परत टाकला जातो, पण कंपनीच्या तपासणीत त्याची खूण बऱ्याचदा सापडते. ट्यूनिंग केलेली गाडी वाईटच असते असे नाही. तिची वॉरंटी मात्र गेलेली असू शकते, आणि किंमत त्या हिशेबाने ठरायला हवी. बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी ॲप्रूव्ह्‌ड प्लस या कंपन्यांच्याच योजनांत गाडी महाग पडते, पण तपासणी आणि वॉरंटी कागदावर मिळते. वाढीव वॉरंटी किंवा सर्व्हिस पॅकेज शिल्लक असेल, तर ते नव्या मालकाकडे जाते का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

कर्जाचा हप्ता ठरवतानाच दुरुस्तीचा निधी वेगळा काढावा. खरेदीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर गाडी एक पायरी खालची घ्यावी. म्हणजे सहाऐवजी चार सिलिंडरची आणि साध्या टायरांची. ३३०आय किंवा सी-क्लासही शंभरचा वेग डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच गाठतात, आणि किणी टोलनाक्याच्या रांगेत सगळ्यांना सारखेच थांबावे लागते.